मान का धरते? विद्यापीठात काम करणाऱ्यांच्या स्नायूदुखीविषयी

मे-जून आला की माझ्या दवाखान्यातली गर्दी बदलते. एरवी गुडघे दुखणारे आजी-आजोबा जास्त असतात. या दोन महिन्यांत मात्र विद्यापीठातली आणि आसपासच्या महाविद्यालयांतली माणसं येऊ लागतात. कुणी म्हणतं, "मॅडम, मान धरलीये." कुणी म्हणतं, "फऱ्याच्या आत काहीतरी रुतल्यासारखं वाटतं." कुणाला हात मागे नेऊन वेणी घालता येत नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, दवाखाना विद्यापीठाच्या आवारापासून चालत पाच मिनिटांवर आहे. परीक्षांचा हंगाम मला वेळापत्रक न बघताही कळतो.

यातल्या बऱ्याच जणांच्या हातात एमआरआयचं मोठं पाकीट असतं आणि तोंडी एकच वाक्य, "मणक्यात गॅप आलाय." हे वाक्य ऐकून माणसं इतकी घाबरलेली असतात की आधी मला तेच उलगडून सांगावं लागतं. दोन मणक्यांमधली गादी वयाबरोबर झिजते, तिच्यातलं पाणी कमी होतं. ज्यांना पाठीचा काडीचाही त्रास नाही अशा लोकांच्या तपासण्या एकत्र करून 2015 मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या दुखणं नसलेल्या लोकांपैकी सुमारे 37 टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, आणि ऐंशीच्या घरातल्यांमध्ये तेच प्रमाण 96 टक्के होतं. थोडक्यात, केस पिकतात तशी गादी झिजते. तुमच्या फोटोत गॅप दिसला म्हणून तुमची मान त्या गॅपमुळेच दुखते, असा अर्थ निघत नाही.

मग ती दुखते कशामुळे? याचं उत्तर मला दवाखान्यातल्या खाटेवर फार कमी वेळा मिळालं. एकदा मात्र ते एका टेबलाजवळ उभं राहून मिळालं.

परीक्षा विभागात काम करणाऱ्या एक ताई तीन महिने माझ्याकडे येत होत्या. शेक, मसाज, व्यायाम सगळं करून त्या बऱ्या व्हायच्या आणि पंधरा दिवसांत परत मान धरून यायच्या. शेवटी एका दुपारी परवानगी घेऊन मी त्यांच्या विभागात गेले आणि तासभर शेजारी बसले. टेबल जुनं, सागवानी, उंच. ते लिहिण्यासाठी केलेलं होतं, त्यावर नंतर संगणक येऊन बसला. पाय सरळ ठेवायच्या जागी सीपीयू, त्यामुळे गुडघे कायम डावीकडे वळलेले. स्क्रीन उजव्या कोपऱ्यात, कारण समोर अर्जांचे आणि गुणपत्रकांच्या दुरुस्तीचे कागद. म्हणजे कंबर डावीकडे आणि मान उजवीकडे, अशी पिळलेली बैठक. खुर्ची खाली होत नव्हती, ताईंची उंची पाच फूट, पाय जमिनीला टेकत नव्हते. म्हणून त्यांनी पायाखाली जुन्या, रद्दीत जायच्या उत्तरपत्रिकांचा सुतळीनं बांधलेला गठ्ठा ठेवला होता. फोन वाजला की तो कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून धरायचा, कारण हात कीबोर्डवर. पलीकडून कुणीतरी विद्यार्थी रडवेल्या आवाजात विचारतोय, "मॅडम, मी हजर होतो, तरी गैरहजर कसं आलं?"

त्या तासाभरात ताईंनी खांदे एकदाही खाली सोडले नाहीत. मी मुद्दाम लक्ष ठेवून होते.

आता स्नायूच्या आत काय घडतं ते बघू. पाण्यानं भरलेली बादली विहिरीवरून घरी आणायची असेल तर आपण ती सहज आणतो, वाटेत हात बदलतो. पण तीच बादली हातात धरून शेजारणीशी नुसतं दहा मिनिटं बोलत उभं राहून बघा. खांदा भरून येतो. काम तर पहिल्यापेक्षा कमी झालं, मग दुखलं जास्त का? स्नायू आखडतो तेव्हा आतला दाब वाढतो आणि त्याच्यातल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात. तो सैल पडला की रक्त पुन्हा खळखळून वाहतं, प्राणवायू येतो, साचलेली घाण वाहून जाते. आखडणं आणि सैल पडणं आलटून पालटून चाललं तर स्नायू दिवसभर काम करू शकतो. शेतातल्या खुरपणीत किंवा चालण्यात हे आपोआप होतं. नुसतं धरून ठेवण्यात ते होत नाही. रक्त कमी पोचतं, टाकाऊ द्रव्यं तिथंच राहतात आणि वेदना कळवणाऱ्या नसांची टोकं हळवी होतात.

"पण मी तर काहीच उचलत नाही," असं कार्यालयात काम करणारे सगळेच म्हणतात. माणसाचं डोकं साधारण साडेचार ते पाच किलोचं असतं. ते खांद्यांच्या बरोबर वर असलं की मणके त्याचं वजन पेलतात. ते पुढं झुकलं की मानेमागचे स्नायू त्याला दोरखंडासारखे मागे ओढून धरतात. ही झाली दिवसभर धरून ठेवलेली बादली.

दुसरी गोष्ट आणखी सूक्ष्म आहे, आणि मला स्वतःला ती फार पटते. एका स्नायूत हजारो तंतू असतात. मेंदू ते सगळे एकदम कामाला लावत नाही. आधी लहान, चिवट तंतूंना बोलावतो आणि जोर वाढवायचा असेल तरच मोठ्यांना. काम संपताना उलटा क्रम असतो, मोठे आधी मोकळे होतात आणि लहान सर्वांत शेवटी. म्हणजे टंकलेखनासारख्या हलक्या कामात स्नायूची फार थोडी ताकद लागत असली तरी ती सगळी त्याच मूठभर तंतूंकडून येते, सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत. 1991 मध्ये गोरान हेग या स्वीडिश संशोधकानं या तंतूंना सिंड्रेलाची उपमा दिली. आपल्याकडे जुन्या एकत्र कुटुंबातली थोरली सून आठवावी. सगळ्यांच्या आधी उठणारी, सगळ्यांच्या नंतर अंग टाकणारी. काम जड नसतं, पण तिला उसंत कधीच नसते. हे अजून अनुमानच आहे. तरी मानेपासून खांद्यापर्यंत आणि खाली पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेल्या ट्रॅपेझियस स्नायूचं दुखणं या अनुमानाशी चांगलं जुळतं. परीक्षा विभागातल्या ताईंनी ज्या जागेवर बोट ठेवलं होतं ती याच स्नायूची.

विद्यापीठ म्हटलं की लोकांना प्राध्यापक आठवतात. खरं तर तिथं वीस तऱ्हेची शरीरं वीस तऱ्हेनं वापरली जातात. ग्रंथालय परिचर सर्वांत खालच्या फळीसाठी वाकतात आणि सर्वांत वरच्या फळीसाठी टाचा उंचावतात, तेही एका हातात चार-पाच जाड ग्रंथ पेलून. प्रयोगशाळेत पिपेटचं, म्हणजे द्रव मोजून घ्यायच्या नळीचं, बटण अंगठ्यानं शेकडो वेळा दाबलं जातं, मग अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागतं. फळ्यावर लिहिताना हात खांद्याच्या वर राहतो. गठ्ठे वाहणारे मामा जिन्यानं वरखाली करतात, आणि त्यांच्या कमरेचा विचार फर्निचर खरेदीच्या यादीत कुठेच नसतो. सफाई करणाऱ्या मावशी उकिडव्या बसून पुसतात. खुर्चीबद्दल इतकं लिहिलं जातं की यांची दुखणी बाजूलाच पडतात. मी या लेखात खुर्चीवरच जास्त वेळ घालवणार आहे, कारण माझ्याकडे जास्त तीच माणसं येतात. मामा आणि मावशी दुखणं अंगावर काढतात, बाम चोळतात आणि रजा कापली जाईल म्हणून येत नाहीत.

प्राध्यापकांचा अवघड काळ म्हणजे कॅप सेंटर, म्हणजे एकत्र बसून उत्तरपत्रिका तपासायचं केंद्र. केंद्रावरचे बाक विद्यार्थ्यांसाठी बनवलेले, पाठ टेकायला धड आधार नाही, आणि समोर उत्तरपत्रिकांचा ढीग. मान खाली, डोळे बारीक, हातात लाल पेन. 2017 मध्ये मुंबई विद्यापीठानं उत्तरपत्रिका स्क्रीनवर तपासायला सुरुवात केली, पुढे ही पद्धत इतरत्रही रुळली. गठ्ठे उचलण्याचा त्रास त्यामुळे कमी होतो. मान मात्र खाली झुकण्याऐवजी पुढे सरकते, हात तासन्‌तास माउसवर राहतो आणि पान उलटण्याची ती छोटीशी हालचालही जाते. ती हालचाल किरकोळ वाटली तरी स्नायूला तेवढीच विश्रांती होती.

चाळिशीनंतरच्या लोकांना इथं एक गोष्ट आवर्जून विचारते: चष्मा कुठला? बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचं वाचायची काच खाली असते. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीत असेल तर त्या खालच्या काचेतून बघण्यासाठी हनुवटी वर करावी लागते आणि मान मागे मोडल्यासारखी राहते. अशा माणसानं स्क्रीन उंच करण्याऐवजी थोडी खाली घ्यायला हवी, नाहीतर फक्त संगणकाच्या अंतराचा वेगळा चष्मा करून घ्यावा. "स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत हवी" हा सल्ला सरसकट सगळ्यांना देतात, आणि यांना तोच बाधतो.

आता मनाकडे येते. "म्हणजे माझं दुखणं मानसिक आहे का?" असा प्रश्न लगेच येतो, थोडा दुखावलेल्या सुरात. तसं मुळीच नाही. दुखणं स्नायूतच आहे. पण स्नायूला आखडायला लावणारी आज्ञा मेंदूकडून येते आणि मेंदूवर ताण असला की ती आज्ञा मागे घेतली जात नाही. माणसाला नुसतं खुर्चीत बसवून अवघड तोंडी हिशेब करायला लावले तरी ट्रॅपेझियसमधली विद्युत हालचाल वाढते, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. हातात वजन नाही, कीबोर्ड नाही, तरीही.

इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्यानं 1713 साली लेखनिकांच्या दुखण्यांविषयी लिहिलं. त्यानं तीन कारणं दिली. सतत बसून राहणं, हाताची एकाच दिशेनं चाललेली अखंड हालचाल, आणि हिशेबात चूक होऊन मालकाचं नुकसान होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. तीनशे वर्षांपूर्वी, बोरू-टाकाच्या जमान्यात! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला परीक्षा विभागच डोळ्यासमोर आला. गुणपत्रकात 67 च्या जागी 76 पडले तर कुणाचा तरी प्रवेश इकडचा तिकडे होतो. ताई मला म्हणाल्या होत्या, "मॅडम, रात्री झोपेतसुद्धा आसन क्रमांक ताडून बघते मी." ज्यांना दुखण्याची कारणं फक्त खुर्चीत शोधायची आहेत त्यांनी हे वाक्य ऐकायला हवं.

1979 मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट कारासेक यांनी कामाचा ताण मोजायची एक साधी रीत मांडली. काम किती आहे एवढंच बघायचं नाही, ते कसं आणि कधी करायचं यात माणसाला किती अधिकार आहे हेही बघायचं. काम भरपूर आणि अधिकार शून्य, अशी जोडी सर्वांत घातक. आपल्या विद्यापीठांत ही जोडी ठायीठायी दिसते. पदं रिक्त, म्हणून एका माणसाकडे दोन-दोन टेबलं. निकालाची तारीख वरून ठरते, महाविद्यालयं-विद्यापीठांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅक या संस्थेचं मूल्यांकन आलं की जुन्या पाच वर्षांचे कागद आठवड्याभरात हवे असतात. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना तर पुढच्या वर्षी काम मिळेल की नाही हेही ठाऊक नसतं. त्यातले काही दोन-तीन महाविद्यालयांत दुचाकीवरून फिरतात, पाठीवर लॅपटॉपची बॅग. त्यांच्या कमरेच्या दुखण्याला मी व्यायाम देते खरे, पण व्यायामाला वेळ काढण्याचा अधिकार त्यांच्याकडे नाही हेही मला माहीत असतं.

बायकांच्या तक्रारी जास्त असतात, जवळपास सगळीकडे. यामागे शरीराची ठेवण आहे, सरासरी पुरुषाच्या मापानं केलेल्या टेबल-खुर्च्या आहेत, आणि घर आहे. सकाळी पोळ्या लाटताना खांद्याचे तेच स्नायू, दिवसभर कीबोर्डवर तेच, संध्याकाळी भाजीच्या पिशव्या धरायला तेच. पुरुषाच्या स्नायूला सहा वाजता जी सुटी मिळते ती बाईच्या स्नायूला रात्री अकराला मिळते. झोप कमी पडली की वेदना सहन करायची ताकद घटते, मग तीच मान दुसऱ्या दिवशी जास्त दुखते.

विद्यापीठांतून अधूनमधून स्नायूदुखीची पाहणी होते, तिचा अर्थ लावताना थोडं सांभाळा. बहुतेक ठिकाणी 1987 मध्ये उत्तर युरोपात तयार झालेली नॉर्डिक प्रश्नावली वापरतात. शरीराचे नऊ भाग दाखवून गेल्या बारा महिन्यांत आणि गेल्या सात दिवसांत कुठं दुखलं ते त्यात विचारतात. कार्यालयीन कामात मान, खांदे आणि कंबर हीच ठिकाणं वर येतात. मग वय, वजन, बसण्याचे तास, ताण यांच्याशी त्याची सांगड घातली जाते. पण एकाच दिवशी भरून घेतलेल्या प्रश्नावलीवरून कोण आधी आणि कोण नंतर हे कळत नाही. खुर्ची वाईट म्हणून पाठ दुखते, की पाठ दुखते म्हणून खुर्ची वाईट वाटते? व्यायाम नाही म्हणून दुखतं, की दुखतं म्हणून व्यायाम सुटला? दोन्ही खरं असू शकतं. आणि ज्याचं दुखणं फार वाढलं तो रजेवर असतो, त्याच्यापर्यंत प्रश्नावली पोचतच नाही.

काही दुखणी कामाची नसतातच. दिवसभर इमारतीत राहणाऱ्यांत ड जीवनसत्त्वाची कमतरता फार आढळते आणि तिनं अंग ठणकतं. थायरॉइड मंदावला, कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन गोळी सुरू झाली, तरी स्नायू दुखू शकतात. मधुमेह असलेल्यांचा खांदा आखडून गोठण्याची शक्यता जास्त. रात्री झोपेत अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येऊन जाग येत असेल तर मनगटातली नस दबत असावी. दोन्ही बाजू, सगळं अंग दुखत असेल तर आधी रक्त तपासून घ्या, खुर्ची नंतर बघू.

उपायांबद्दल बोलायचं तर पहिला उपाय टेबलाचा. ताईंचा सीपीयू आम्ही तिथल्याच मामांच्या मदतीनं बाजूला सरकवला. स्क्रीन बरोबर समोर आणली, कागदांसाठी पुठ्ठ्याचा तिरका स्टँड केला. पायाखालच्या गठ्ठ्याच्या जागी सुतारकामातल्या उरलेल्या फळीचा पाट आला. फोनसाठी कानात घालायचा वायरवाला इअरफोन. खर्च दोनशे रुपयांच्या आत. महागड्या खुर्चीची वाट बघत बसण्याआधी एवढं करून बघावं असं माझं मत आहे.

दुसरा उपाय उसंतीचा. दर अर्ध्या तासानं तीस-चाळीस सेकंद उभं राहायचं, खांदे कानापर्यंत नेऊन धाडकन सोडायचे, लांब बघायचं. "सरळ बसा" असं मी आता कुणाला सांगत नाही. सरळ बसूनही चार तास हललं नाही तर दुखणारच. बसण्याची उत्तम पद्धत एकच नसते, ती सारखी बदलत राहावी लागते.

तिसरा उपाय ताकदीचा, आणि याकडेच सगळ्यांत दुर्लक्ष होतं. डेन्मार्कमध्ये मान-खांदे वारंवार दुखणाऱ्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग झाला, 2011 मध्ये तो प्रसिद्ध झाला. रबरी पट्टी पायाखाली धरून दोन्ही हात बाजूनं खांद्याच्या उंचीपर्यंत उचलायचे, आठवड्यातले पाच दिवस, रोज फक्त दोन मिनिटं. दहा आठवड्यांत त्यांचं दुखणं व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा लक्षणीय कमी झालं. बारा मिनिटं करणाऱ्यांनाही जवळपास तेवढाच फायदा झाला. दोन मिनिटं तर चहा येईपर्यंत होतात! आमच्या ताईंनी पट्टी कपाटाच्या हँडलला अडकवून ठेवली आहे, चार वाजता त्यांच्यासोबत आता आणखी दोघी उभ्या राहतात.

बेल्ट आणि गळपट्टा तीव्र दुखण्यात दोन-चार दिवस बरे वाटतात. महिनोन्‌महिने लावले तर स्नायू आणखी दुबळे होतात. आणि पूर्ण अंथरुणावर पडून राहणं साध्या कंबरदुखीत टाळाच, सोसेल तेवढं हिंडतं-फिरतं राहा.

काही लक्षणं दिसली तर मात्र थांबायचं नाही. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, जांघेत बधिरपणा, पायातली ताकद कमी होणं, ताप किंवा वजन घटण्यासोबतचं दुखणं, आडवं पडूनही रात्री न थांबणारी वेदना, पडल्यानंतरची पाठदुखी, पूर्वी कर्करोग झालेला असताना नव्यानं सुरू झालेलं दुखणं. यात त्याच दिवशी डॉक्टर गाठा. छातीत दाब आणि सोबत डावा हात किंवा जबडा दुखत असेल तर बाम चोळण्यात एक मिनिटही घालवू नका.

बाकीच्यांनी फिजिओथेरपिस्टकडे जाताना एमआरआयचं पाकीट न्या, हरकत नाही. पण त्याच्यासोबत एक फोटो न्या. शेजारच्या टेबलावरच्या कुणाला तरी सांगून ठेवा, तुम्ही कामात पूर्ण बुडालेले असताना, तुम्हाला न सांगता, बाजूनं काढलेला. पायांपासून डोक्यापर्यंत सगळं दिसलं पाहिजे. टेबलाखालचंही.